मिस्टरांचा डोळा तिसऱ्यांदा लाल झाला, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात पाठ तपासून घ्या. कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठची

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, कारण यातलं महत्त्वाचं काय तेच मला कळेनासं झालंय. आम्ही सांगलीजवळ राहतो, मिस्टर ३३ वर्षांचे, एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात सगळीकडे डोळ्यांची साथ होती ना, आळंदीच्या शाळांमधल्या मुलांच्या बातम्या रोज येत होत्या, तेव्हाच ह्यांचा उजवा डोळा लाल झाला. आम्ही धरून चाललो की डोळे आलेत, मेडिकलवाल्याने ड्रॉप्स दिले, ते घातले, काळा गॉगल लावून बसले, बरं व्हायला तीन आठवडे लागले. आता आठवतं की घरात मला, मुलाला, सासूबाईंना कुणालाच डोळे आले नाहीत, टॉवेल एकच असून. आणि चिपडंही नव्हती, नुसतं पाणी.

मग गेल्या वर्षी डावा डोळा. तेव्हा कंपनीत कचरा गेला असेल म्हणून पुन्हा तेच ड्रॉप्स. आता पंधरा दिवसांपूर्वी परत उजवा, पण या वेळेचं दुखणं वेगळंच, ट्यूबलाइट लावली तरी ओरडायचे, भुवईपर्यंत ठणका, समोरचं धुरकट दिसायला लागलं तेव्हा मी घाबरून मिरजेला नेलं. तिथे डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी ठेवायला लावून बघितलं आणि म्हणाले हे डोळे आलेले नाहीत, आतून सूज आहे, आयरायटिस, आणि बाहुली एका बाजूला चिकटलीय. आणि मग त्यांनी विचारलं, सकाळी उठल्यावर पाठ आखडते का?

मी बघतच राहिले. सहा सात वर्षं झाली, हे पहाटे चारला उठून अंगणात फेऱ्या मारतात, झोपून राहिलं की कंबर जास्त धरते, चालल्यावर सुटते. आम्हाला वाटायचं दिवसभर मशीनपुढे उभं राहून होतंय. रक्त तपासलं तर एचएलए-बी२७ नावाचा कुठलासा जीन पॉझिटिव्ह आला, आता संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा म्हणतात.

माझे प्रश्न असे की डोळ्याचा आणि कंबरेचा संबंध काय? दुसरं, दर तासाला ड्रॉप्स घालायला सांगितलेत, सहाव्या दिवशी डोळा पांढरा झाला तर हे म्हणतात आता बास, कामावर जातो. बंद केले तर चालेल का? तिसरं, सासूबाई म्हणतात सगळी उष्णता आहे, तळपायाला काशाची वाटी घासतात आणि डोळ्यावर दुधाच्या घड्या ठेवतात, त्याने काही बिघडेल का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे नजर जाईल का हो? मुलगा ५ वर्षांचा आहे, त्यालाही होईल का या विचाराने झोप नाही.

ताठकणा

ताई आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकी सगळं नंतर वाचा. ड्रॉप्स बंद करू देऊ नका. अजिबात नाही. डोळा बाहेरून पांढरा झाला म्हणजे आतली सूज गेली असं नसतं, ते फक्त स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी ठेवून बघतात त्या मशीनवर दिसतं, डॉक्टर आत तरंगणाऱ्या पेशी मोजतात आणि त्याप्रमाणे ड्रॉप्स हळूहळू कमी करतात. मला पहिल्यांदा दर तासाला, मग दोन तासांनी, मग दिवसातून सहा वेळा, चार वेळा असं करत करत जवळपास दीड महिना चालले होते.

मी पुण्यात असतो, वय ४१, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे मणक्याचा आणि कंबरेच्या सांध्यांचा संधिवात, १४ वर्षं झाली निदानाला, दुखणं त्याच्याही आधीचं. तुमच्या मिस्टरांचं वाचताना माझीच गोष्ट वाचतोय असं वाटलं, पहाटे चारच्या फेऱ्यांसकट. माझ्या दुसऱ्या अटॅकला मी नेमकं तेच केलं जे हे करायचं म्हणतायत, आठव्या दिवशी बरं वाटलं, ऑफिसात ऑडिट होतं, ड्रॉप्स सोडले. पाच दिवसांत दुप्पट जोराने उलटलं. बाहुलीची कड मागच्या भिंगाला तीन ठिकाणी चिकटली, त्यातली एक जागा आजही सुटलेली नाही, उजेडात माझी डावी बाहुली गोल दिसत नाही, पानासारखी दिसते. ही चिकटलेली जागा वाढत जाऊन पूर्ण गोल बंद झाली तर डोळ्यातलं पाणी पुढे यायला वाट राहत नाही आणि प्रेशर चढतं. म्हणून ते दुसरे ड्रॉप्स देतात, होमॅट्रोपिन नाहीतर ॲट्रोपिन, ज्यांनी बाहुली मोठी होते आणि जवळचं वाचता येत नाही. धुरकट दिसतं म्हणून लोक तेच आधी सोडतात. त्यांनी ठणकाही कमी होतो आणि बाहुली हलती राहते, म्हणून नका सोडू. तेवढे दिवस टू व्हीलर चालवू देऊ नका आणि मशीनवर तर मुळीच उभं राहू देऊ नका, अंतराचा अंदाज चुकतो. डॉक्टरांकडून कंपनीसाठी सर्टिफिकेट घ्या, ते देतात.

नजरेचं म्हणाल तर माझे आजपर्यंत नऊ अटॅक झाले, कधी डावा कधी उजवा, दोन्ही एकदम कधीच नाही, आणि माझी नजर चष्म्यासह पूर्ण आहे. वेळेत पोचलो त्या प्रत्येक वेळी डोळा पूर्ववत झाला. त्रास राहिला तो फक्त त्या एका वेळचा.

संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यांच्या तिन्ही वेळांच्या तारखा आणि कुठला डोळा ते कागदावर लिहून न्या. हे का सांगतोय, तर माझ्या पाठीसाठी सुरुवातीला इटानरसेप्टची इंजेक्शनं सुरू झाली, पाठ इतकी सुटली की मी पुन्हा पर्वती चढायला लागलो, पण डोळा काही थांबेना, वर्षात तीन वेळा आला. मी संधिवाताच्या डॉक्टरांना ते सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं डोळ्याचं डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचं. शेवटी डोळ्यांच्या मॅडमनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली. मग औषध बदलून अडॅलिमुमॅब दिलं, कारण पाठीला दोन्ही चालतात पण डोळ्याचे अटॅक रोखायला हे जास्त उपयोगी पडतं. साडेतीन वर्षं झाली, एकही अटॅक नाही. माझं औषध तुम्हाला लागेलच असं नाही हां, पहिल्या दुसऱ्या अटॅकला कुणी लगेच इंजेक्शन देत नाही, नुसते ड्रॉप्स पुरतात बहुतेकांना. पण एका डॉक्टरांचं दुसऱ्यांना कळलंच पाहिजे, आणि ते आपणच न्यावं लागतं.

निसर्गमित्र

डोळ्यात शुद्ध मधाचा एक थेंब आणि गुलाबजल घाला, आमच्या गावी वर्षानुवर्षं करतात, स्टिरॉइडचे ड्रॉप्स वाईट असतात, त्याने मोतीबिंदू होतो.

भिंगातून

वरच्या दादांनी काळजीनेच लिहिलं असेल, पण कृपा करून डोळ्यात मध, गुलाबजल, एरंडेल, अंगावरचं दूध यातलं काहीही घालू नका. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, १२ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, मधाने झालेलं बुबुळावरचं इन्फेक्शन मी या डोळ्यांनी बघितलंय आणि तो पेशंट शेतावर एकटा कमावणारा होता. ताई, सासूबाईंची काशाची वाटी खुशाल चालू दे, पायाला बरं वाटतं. दुधाच्या घड्या मात्र नको, दूध डोळ्यात उतरतं.

स्टिरॉइड ड्रॉप्सने मोतीबिंदू होऊ शकतो आणि डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, हे खरं आहे, म्हणूनच ते मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घालायचे नसतात. पण आत सूज तशीच ठेवली तर त्या सुजेनेच मोतीबिंदू होतो, प्रेशरही चढतं, आणि मागच्या पडद्याला मधोमध पाणी धरलं तर नजर कायमची कमी होते. देखरेखीखाली घातलेला स्टिरॉइड ड्रॉप हा इथे डोळा वाचवणारा आहे. आणि उलटंही सांगते, घरात उरलेली बाटली पुढच्या वेळी डोळा लाल झाला की आपणच सुरू करू नका. हर्पिसच्या व्हायरसने पण डोळा असाच लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही, आणि त्यात बुबुळावर जखम असताना एकटं स्टिरॉइड घातलं तर ती झपाट्याने पसरते. दोन्ही आजार आरशात सारखेच दिसतात.

आता संबंध काय ते. डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात, मधला थर रक्तवाहिन्यांनी भरलेला, त्याला युव्हिया म्हणतात, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. संधिवाताच्या बऱ्याच प्रकारांत शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते, आणि जी सूज मणक्याच्या सांध्यांत येते तीच या थरात पण येते. ॲलर्जी नाही, जंतू नाही, उष्णता नाही, आणि ती लागत पण नाही, टॉवेलवाली गोष्ट ताईंनी बरोबर टिपलीय. एचएलए-बी२७ हा जीन आणि मणक्याचा हा संधिवात यांचा संबंध १९७३ साली सापडला, आणि त्याच वर्षी डोळ्याच्या या सुजेशी पण सापडला. अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या साधारण तिघा चौघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी डोळ्याचा अटॅक येतो. पुष्कळांना डोळा आधी कळतो आणि पाठीचं नाव नंतर पडतं. डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं होतं, अचानक अशी डोळ्याची सूज घेऊन आलेल्या आणि कारण न सापडलेल्या लोकांची नीट तपासणी केली तर सुमारे ४० टक्के लोकांना मणक्याच्या जातीचा संधिवात निघाला, आणि तोवर तो कुणी ओळखलेलाच नव्हता. त्यातूनच मग साधा नियम निघाला की ४५ च्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेली कंबरदुखी किंवा सांधेदुखी आहे का ते डोळ्याच्या डॉक्टरने विचारायचंच. मिरजेच्या डॉक्टरांनी तेच विचारलं, ताई तुमचं नशीब चांगलं की त्यांनी विचारलं.

डोळे आलेले आणि हे यातला फरक घरी पूर्ण कळत नाही, पण अंदाज येतो. डोळे आले की सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, खाज, टोचल्यासारखं होतं, बहुतेक वेळा दोन्ही डोळे आणि घरातली दोन चार माणसं. या सुजेत बहुधा एकच डोळा, चिपडं नाहीत, लाली बुबुळाच्या कडेने कड्यासारखी जास्त, आतून ठणका, उजेड सोसवत नाही, नजर धुरकट. चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी दुखऱ्या डोळ्यात कळ जाते, कारण दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात. असं काही असलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी स्लिट लॅम्प असलेल्या डॉक्टरकडे.

ड्रॉप्स घालायची पद्धत पण सांगते, कारण निम्मे लोक चुकतात. प्रेडनिसोलोन ॲसिटेटची बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवा, औषध तळाशी बसतं, न हलवता घातलं तर वरचं पाणीच जातं. दोन वेगळ्या ड्रॉप्समध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरा म्हणजे औषध घशात उतरत नाही. आणि मधे मधे प्रेशर मोजून घ्या, विसरले तर तुम्ही आठवण करून द्या.

एक राहिलं, आपल्याकडे टीबीने पण डोळ्यात अशी सूज येते. त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट सांगितली तर घाबरू नका. अडॅलिमुमॅबसारखं इंजेक्शन द्यायच्या आधी तर ती करतातच, कारण शरीरात झोपलेला टीबी त्या औषधाने जागा होऊ शकतो.

पिल्लूची आई

मुलाबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय, एरवी मी नुसती वाचते. माझी मुलगी आता ९ वर्षांची आहे, साडेतीन वर्षांची असताना तिचा उजवा गुडघा सुजला. दुखत नव्हता म्हणायची, फक्त सकाळी लंगडायची आणि दुपारपर्यंत पळायला लागायची, आम्ही पडली असेल म्हणून हळद लावत दोन महिने घालवले. मग निदान झालं की लहान मुलांचा संधिवात आहे, जेआयए म्हणतात. रक्तात एएनए, म्हणजे शरीराने आपल्याच पेशींविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आलं आणि डॉक्टरांनी पहिलं वाक्य काय म्हटलं तर गुडघ्याचं आपण बघू, आधी हिचे डोळे तपासून आणा.

मला पटेचना, तिचे डोळे स्वच्छ पांढरे, पाणी नाही, दुखणं नाही, टीव्ही बघते, चित्रं रंगवते. गेलो तर दोन्ही डोळ्यांत आत सूज! मुलांमध्ये हेच वाईट आहे बघा, तुमच्या मिस्टरांचा डोळा ओरडून सांगतो तरी, या मुलांचा डोळा गप्प राहून आतून खराब होत जातो आणि कळतं तेव्हा बुबुळावर पांढरा पट्टा किंवा मोतीबिंदू दिसायला लागलेला असतो. जास्त धोका कुणाला, तर लहान वयात, सात वर्षांच्या आत सुरू झालेला, थोड्याच सांध्यांत असलेला, एएनए पॉझिटिव्ह. अशा मुलांचे डोळे काही तक्रार नसली तरी दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर बघायचेच असतात, आणि गुडघा पूर्ण बरा झाला तरी ते बंद करायचं नसतं, कारण डोळा गुडघ्याच्या मागून चालत नाही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला असतो, तपासणीला पुण्याला जायचो, पहाटेची एसटी, ही माझ्या मांडीवर झोपलेली. आधी ड्रॉप्स, ड्रॉप्सवर भागेना म्हणून मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, आमचा रविवार ठरलेला, आणि वेगळ्या दिवशी फॉलिक ॲसिड. हे आठवड्यातून एकदाच असतं हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कुणाला चालू असेल तर, चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं. पुढे अडॅलिमुमॅब पण लागलं. आज तिचे दोन्ही डोळे शांत आहेत, शाळेत पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर गेली तेव्हा मी घरी पेढे आणले.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर माझ्या मुलीचा आजार वेगळा आणि तुमच्या मिस्टरांचा वेगळा. बी२७ मुलात यायची शक्यता निम्मी असते असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ज्यांच्यात तो जीन असतो त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. त्यामुळे आत्ता ५ वर्षांच्या पोराची रक्त तपासणी करायच्या मागे लागू नका. सकाळी लंगडतोय, सांधा सुजलाय असं काही दिसलं तर मात्र थांबू नका.

फोंड्याची काकू

बाळा, वाचून राहवलं नाही. माझं वय ६१, मला हातापायांचा संधिवात, आमवात म्हणतात तो, रुमॅटॉइड, २० वर्षांचा. आमच्या जातीच्या संधिवातात डोळा वेगळ्या तऱ्हेने धरतो. आधी कोरडेपणा, वाळू गेल्यासारखं, मी सुनेला म्हणायचे डोळ्यांत कुणी चुना टाकलाय. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती भिजते ते मोजलं, माझी ३ मिलिमीटर भिजली, कृत्रिम अश्रूंचे थेंब तेव्हापासून पदराला बांधल्यासारखे सोबत असतात.

पण तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आधी जे झालं ते कोरडेपण नव्हतं. डोळ्याचा पांढरा भाग जांभळट लाल झाला आणि रात्री दोन तीनला अशी कळ यायची की उठून बसावं, कळ कानशिलात, जबड्यात. मी दाताच्या डॉक्टरकडे गेले! त्यांनी दात चांगला आहे म्हणून परत पाठवलं, देव त्यांचं भलं करो, नाहीतर एक दात गेला असता. ते निघालं स्क्लेरायटिस, पांढऱ्या भागाचीच सूज. याला नुसते थेंब पुरत नाहीत, पोटातून औषध लागतं, मला आधी शिरेतून स्टिरॉइड दिलं आणि मग संधिवाताचं औषध बदललं. डॉक्टर म्हणाले की याचा अर्थ अंगातला वात आवरलेला नाही, सांधे शांत दिसले तरी. डोळ्याचा पांढरा भाग पातळ होऊन आतला निळा रंग दिसायला लागायच्या आत पकडलं म्हणाले.

आणखी एक, तुमच्या ह्यांना लागू नसेल पण वाचणाऱ्या कुणाला असेल. आमवातात किंवा ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं देतात, चांगलं औषध आहे, मी घेते. त्याने सूज येत नाही पण खूप वर्षांनी मागच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायची. घाबरून बंद नको, तपासणी चुकवू नका.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे किती आभार मानू. ताठकणा दादा, तुमचं उत्तर मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, पानासारखी बाहुली ऐकल्यावर उठले आणि स्वतः बाटली हलवून ड्रॉप घातला. आम्ही आत्तापर्यंत बाटली हलवतच नव्हतो, भिंगातून ताई. काकू, तुमचं आणि पिल्लूच्या आईचं वाचून सासूबाई रडल्या, दुधाच्या घड्या त्यांनीच बंद केल्या, वाटी चालू आहे.

अपडेट देते. काल संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तारखांचा कागद नेला होता, त्यांनी तो फाइलला पहिल्या पानावर लावला. एमआरआयमध्ये माकडहाडाच्या दोन्ही बाजूच्या सांध्यांना सूज आहे, तोच आजार आहे म्हणाले, स्पॉन्डिलायटिस, पण हाडं अजून जुळलेली नाहीत. पाठीसाठी गोळ्या आणि रोजचे व्यायाम दिलेत, सिगारेट सोडायला सांगितलीय, इंजेक्शनचं आत्ता नाही, डोळा वर्षात पुन्हा पुन्हा आला तर बघू म्हणाले. टीबीची टेस्ट करून ठेवायला सांगितलीय. डोळ्याचे ड्रॉप्स आता दोन तासांनी झालेत, चिकटलेली बाहुली सुटलीय.

एक विचारायचं राहिलं, रात्री झोपेत पण उठवून ड्रॉप घालायचे का? की झोपताना मलम चालतं?

भिंगातून

सुरुवातीच्या जोराच्या दिवसांत काही डॉक्टर रात्री मलम देतात, पण ते प्रत्येकाच्या सुजेवर आहे. मिरजेला फोन करून विचारा, तुमच्या मनाने नको. पुढची तपासणी कधी आहे?

कृष्णाकाठची

मंगळवारी. प्रेशर मोजायला मी आठवण करणार आहे, हातावर लिहून ठेवलंय.